देवीदर्शनाची वाट आणि तिकिटांचा हिशेब

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसावयाचे असतात, आणि त्याच्या आठवडाभर आधीपासून मुंबईतल्या घरांना गावाकडचे निरोप येऊ लागतात. पूर्वी पोस्टकार्ड येई, आता फोन येतो. मजकुरात फारसा फरक पडलेला नाही. आईचे वय झाले, एकदा महालक्ष्मीची ओटी भरून यावी असे तिच्या मनात आहे, अष्टमीच्या अलीकडे दोन दिवस तुमच्याकडे उतरू म्हणतो. यजमानीण आनंदाने होकार देते, वरीचे तांदूळ आणि साबुदाणा थोडा अधिक आणून ठेवते, जादा अंथरुणे उन्हात घालते. मग रात्री फराळ आटोपल्यावर एक प्रश्न निघतो, आणि तो वाटतो तितका किरकोळ नसतो. चौघांनी दिवसभर मुंबईत हिंडावयाचे, तर तिकिटे कोणती काढावीत?

या प्रश्नाला घरातील प्रत्येकाजवळ ठाम उत्तर असते. थोरले काका सांगतात, बेस्टचा दिवसाचा पास घ्यावा आणि निर्धास्त हिंडावे. महाविद्यालयात जाणारा पुतण्या भुयारी मेट्रोचे गुणगान करतो. ज्यांची तीस वर्षे लोकलच्या दांड्याला लोंबकळण्यात गेली ते आजोबा म्हणतात, पाच रुपयांचे तिकीट असताना पास कशाला? गंमत अशी की हे तिघेही आपापल्या काळापुरते बरोबर असतात. मात्र एकट्या २०२५ या वर्षात मुंबईच्या वाहतुकीचे दर आणि मार्ग इतके बदलले, की त्याआधीचे कोणतेही ठोकताळे जसेच्या तसे वापरणे धोक्याचे झाले आहे. त्या वर्षी १ फेब्रुवारीला टॅक्सी-रिक्षांचे भाडे वाढले, ९ मे रोजी बेस्टचे किमान भाडे दुप्पट झाले, आणि ९ ऑक्टोबरला कुलाबा-आरे भुयारी मेट्रो आपल्या संपूर्ण लांबीने प्रवाशांना खुली झाली. विजयादशमी त्या वर्षी २ ऑक्टोबरला होती. म्हणजे सीमोल्लंघन आधी झाले आणि मेट्रो वरळीच्या पुढे मागाहून गेली. या तीन घटनांचा एकत्रित अर्थ काय, आणि देवीच्या दर्शनाला निघालेल्या सामान्य कुटुंबाने त्यातून काय निवडावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वाटेविषयी. मुंबई हे देवीच्या नावाचेच नगर होय. मुंबादेवीचे जुने स्थान बोरीबंदराच्या परिसरात होते व अठराव्या शतकात ते तेथून हलले असे सांगतात. आज ती भुलेश्वराजवळच्या गजबजाटात वास करते. त्याच बोरीबंदरावरून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली, हा योगायोग भाविकांना गोड वाटावा असाच आहे. पुढे या शहराच्या रुळांवरही देवता आल्या. पश्चिम रेल्वेवर महालक्ष्मी पूर्वीपासून आहे. एल्फिन्स्टन रोडचे २०१८ च्या जुलैत प्रभादेवी झाले. भुयारी मेट्रोने तर शीतलादेवी मंदिर, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, काळबादेवी अशी माळच गुंफली आहे. तथापि नावावरून कोणी फसू नये. महालक्ष्मी हे रेल्वेचे स्थानक, आणि त्याच्याच शेजारचे मेट्रोचे स्थानक, रेसकोर्सच्या पूर्वेस आहे. देवीचे मंदिर पश्चिमेस समुद्राच्या काठी. मध्ये सुमारे दोन किलोमीटरचे अंतर पडते. स्थानकाचे नाव वाचून उतरलेली वृद्ध मंडळी रेसकोर्सच्या कुंपणाशी ‘देऊळ कोठे?’ म्हणून विचारताना दिसतात. याउलट सिद्धिविनायक आणि शीतलादेवी ही मेट्रोची स्थानके मंदिरांच्या खरोखर जवळ आहेत, आणि काळबादेवीस उतरल्यास मुंबादेवी चालण्याच्या अंतरावर येते.

पाच रुपयांची लोकल

आजोबांचा पक्ष प्रथम घेऊ, कारण तो सर्वांत बळकट आहे. उपनगरी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे आजही पाच रुपये आहे, आणि तेवढ्या पैशांत दहा किलोमीटर जाता येते. दादरहून चर्चगेटपर्यंत पाच रुपये. इतक्या पैशांत आज चहाचा अर्धा पेलाही मिळत नाही. विरारपासून चर्चगेटपर्यंतचे साठ किलोमीटरही विसाच्या घरात होतात. देशातील दुसऱ्या कोणत्याही महानगरात पैशाला इतका प्रवास मिळत असेल असे आम्हांस वाटत नाही.

रेल्वे पाहुण्यांसाठी एक पर्यटक तिकीटही देते. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर ते चालते. दुसऱ्या वर्गाचे एका दिवसाचे ७५ रुपये, तीन दिवसांचे ११५ आणि पाच दिवसांचे १३५. पुष्कळ लोक ‘पर्यटक’ हा शब्द वाचून, आपणही पाहुणेच आहोत तेव्हा हे आपल्यासाठीच, अशा समजुतीने ते काढतात. परंतु जरा आकडेमोड करावी. एका दिवसाच्या ७५ रुपयांत पाच रुपयांची पंधरा तिकिटे येतात. दर्शनाच्या दिवशी पंधरा वेळा लोकलमध्ये चढणारा भाविक आम्ही अद्याप पाहिलेला नाही. तसा कोणी असेल तर त्याचे दर्शन रुळांचेच अधिक झालेले असणार. दादरला उतरलेल्या कुटुंबाला हे तिकीट निव्वळ तोट्याचे आहे.

मात्र मुक्काम दूर असेल तर चित्र पालटते. जीवदानीच्या पायथ्याशी विरारला लेकीकडे उतरलेली आई रोज मुंबईत येत-जात असेल, तर तिला दिवसाला चाळीसेक रुपये लागतील. एका दिवसासाठी ७५ रुपयांचे तिकीट तिलाही महाग. तीन दिवसांत १२० आणि ११५, म्हणजे जवळजवळ बरोबरी. पाच दिवसांत मात्र २०० रुपयांच्या जागी १३५, म्हणजे दरडोई ६५ रुपयांची सरळ बचत. तेव्हा पर्यटक तिकिटाचा लाभ शहरात पुष्कळ फिरणाऱ्याला होत नाही, शहरापासून दूर राहून बरेच दिवस ये-जा करणाऱ्याला होतो. नावाने पर्यटकाचे, पण उपयोगाचे लांबच्या उपनगरात उतरलेल्या पाहुण्याच्या.

आणखी एक प्रकार नवरात्रापुरता सांगण्याजोगा आहे. काही भगिनी नऊही दिवस महालक्ष्मीस जाण्याचा नेम धरतात. दादर ते महालक्ष्मी जाऊन-येऊन दहा रुपये, नऊ दिवसांचे नव्वद. कमी अंतराचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास शंभर रुपयांना पडतो. दहा रुपये जास्त देऊन नऊ दिवसांची रांग वाचते आणि उरलेले तीन आठवडे पदरात राहतात, ते वेगळेच. पाहुण्यांच्या कामाची ही गोष्ट नसली तरी यजमानिणीच्या कामाची आहे.

बेस्टचा बदललेला हिशेब

आता काकांचा पक्ष. बेस्ट हा मुंबईकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली तरी तिची आठवण काढणारी मंडळी अजून घरोघर आहेत. या उपक्रमाने ९ जुलै २०१९ रोजी किमान भाडे पाच रुपयांवर आणले होते. प्रवासी परत यावेत हा हेतू होता. पुढे तोटा आवरेना. पूर्वी वीजपुरवठ्याच्या मिळकतीतून बसगाड्यांची तूट भरून निघत असे. तो आधार दुबळा झाल्यावर महापालिकेपुढे हात पसरण्यावाचून मार्ग उरला नाही. शेवटी ९ मे २०२५ पासून साध्या बसचे पाच किलोमीटरपर्यंतचे भाडे पाचाचे दहा आणि वातानुकूलित बसचे सहाचे बारा झाले. पाच ते दहा किलोमीटरसाठी ते अनुक्रमे पंधरा व वीस आहे.

या वाढीवर टीका पुष्कळ झाली, आणि ती रास्त होती. परंतु तीत एक बारकावा दडलेला आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. किमान भाडे दुप्पट झाले, मासिक पासही ९०० रुपयांवरून १८०० वर गेला. पण दिवसाचा पास ६० वरून ७५ वरच थांबला. म्हणजे तो केवळ चौथाईने वाढला. वाढीपूर्वी साध्या बसच्या पाच रुपयांच्या तिकिटांशी तुलना करता, बारा वेळा बसमध्ये चढावे तेव्हा कोठे दैनिक पासाचे पैसे फिटत. आज सात वेळा चढलात तर ७० रुपये होतात आणि आठव्या खेपेस पास स्वस्त पडतो. वातानुकूलित गाड्यांत तर सातव्याच खेपेस. टप्पे जरा लांबचे, वीस-वीस रुपयांचे असतील, तर चौथ्या खेपेलाच. ज्या दैनिक पासाला हिशेबी माणूस पूर्वी हसत असे, तो भाडेवाढीने अचानक विचारात घेण्याजोगा केला आहे. महागाईने सगळ्याच वस्तू सारख्या महाग होत नाहीत, हे बाजारात गृहिणीला ठाऊक असते. वाहतुकीतही तेच घडले.

असे असले तरी पास काढण्यापूर्वी एक स्वभावदोष ध्यानात घ्यावा. पास हाती आला की माणूस तो वसूल करावयाच्या मागे लागतो. समोर पंधरा मिनिटांत पोहोचविणारी लोकल असताना, ‘पास आहे ना’ म्हणून तो बसच्या रांगेत उभा राहतो. नवरात्रात महालक्ष्मीच्या यात्रेसाठी बेस्ट जादा गाड्या सोडते ही चांगली गोष्ट आहे. परंतु गाड्या वाढल्या म्हणून रस्ता रुंद होत नाही. वळविलेली वाहतूक, पोलिसांचे अडथळे, फुलांच्या आणि खण-नारळांच्या दुकानांपुढची दाटी, यांतून बस मुंगीच्या पावलाने सरकते. वाचविलेले दहा रुपये तेथे तासाभराच्या तिष्ठण्याने फेडावे लागतात, आणि उपवास धरलेल्या वृद्धेला तो तास फार जड जातो.

मेट्रो आणि गुडघे

पुतण्याच्या मेट्रोचे काय? साडेतेहेतीस किलोमीटरच्या या भुयारी मार्गावर भाडे दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंत आहे. सुमारे ३७ हजार कोटी रुपये ओतून, त्यांतला मोठा भाग जपानी कर्जातून उभा करून, बांधलेल्या मार्गाचे भाडे लोकलसारखे असेल अशी अपेक्षा कोणी धरू नये. २०२४ च्या ऑक्टोबरात आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा पावणेतेरा किलोमीटरांहून किंचित कमी अंतराला कमाल ५० रुपये आकारण्यात आले. तेवढे अंतर लोकल दहा रुपयांत नेते. केवळ पैशाचा विचार केला तर मेट्रो हरते.

परंतु दर्शनाच्या प्रवासात पैसा हे एकच नाणे नसते. लोकलचे पूल, जिने, फलाट आणि डबा यांमधली पोकळी, चढणाऱ्यांची रेटारेटी यांचे मोल ज्याच्या त्याच्या गुडघ्यांना विचारावे. मेट्रोत उद्वाहक आहेत, सरकते जिने आहेत, डबा फलाटाच्या पातळीवर येतो, आणि बसावयास मिळाले नाही तरी उभे राहावयास मिळते. शहात्तर वर्षांच्या आजीला सिद्धिविनायकापासून काळबादेवीपर्यंत एक टप्पा मेट्रोने नेण्यात जे जास्तीचे पैसे जातील ते चैनीत गेले असे आम्ही म्हणणार नाही. मात्र घरातल्या सर्वांनी दिवसभर मेट्रोनेच हिंडावे ही पुतण्याची सूचना मान्य होण्याजोगी नाही. महालक्ष्मीच्या मंदिरापर्यंत ती तशीही नेत नाही.

वातानुकूलित लोकलचाही असाच विचार करावा. ५ मे २०२२ पासून तिची सुटी तिकिटे निम्म्या दराने मिळू लागली. दुसऱ्या वर्गाच्या मानाने ती अजून कितीतरी महाग आहे, पण तिचे दरवाजे गाडी सुटण्यापूर्वी बंद होतात, ही एक गोष्ट लहान मुलांच्या आईला पुष्कळ वाटते.

चौघांची टॅक्सी

येथे एक अनपेक्षित भिडू पुढे येतो. काळीपिवळी टॅक्सी ही चैनीची वस्तू, अशी मध्यमवर्गीय घरांत जुनी समजूत आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीच्या पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २८ चे ३१ रुपये झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी बसचे किमान भाडे दहा झाले. चौघांना साध्या बसने एक टप्पा जावयास चाळीस रुपये लागतात, टॅक्सीस एकतीस. दीड किलोमीटरपर्यंतच्या अंतराला चौघांची टॅक्सी बसपेक्षा नऊ रुपयांनी स्वस्त पडते! भाडेवाढीपूर्वी बसचे वीस आणि टॅक्सीचे अठ्ठावीस होते, म्हणजे पारडे उलटे होते. सार्वजनिक बसपेक्षा टॅक्सी स्वस्त पडावी ही गोष्ट शहराच्या कारभाऱ्यांनी मनाला लावून घेण्यासारखी आहे. पण प्रवाशाने तिचा फायदा अवश्य घ्यावा. दोन माणसे असतील तर हा हिशेब लागू नाही, आणि गर्दीत टॅक्सी अडकली तर मीटर प्रतीक्षेचेही पैसे मोजतो. रिक्षा माहीम-शीवच्या दक्षिणेस येत नाही, हे बाहेरगावच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे.

आता आकडे एका कुटुंबाला लावून पाहू. साताऱ्याहून आजी, मुलगा, सून आणि चौदा वर्षांची नात, असे चौघे दादरला उतरले आहेत. माहीमची शीतलादेवी, प्रभादेवी, महालक्ष्मी आणि शेवटी मुंबादेवी, असा त्यांचा एका दिवसाचा बेत आहे. लोकलने दादर-माहीम, माहीम-प्रभादेवी, प्रभादेवी-महालक्ष्मी, महालक्ष्मी-मरीन लाइन्स आणि मरीन लाइन्स-दादर अशी पाच तिकिटे होतात. दरडोई २५ आणि चौघांचे १०० रुपये. परंतु प्रत्येक स्थानकापासून देवळापर्यंत आणि परत चालावे लागेल. साध्या बसने चार टप्पे, त्यांतील प्रभादेवी ते महालक्ष्मी हा पंधराचा आणि बाकीचे दहाचे धरले, आणि परतीला मरीन लाइन्सहून लोकल, तर दरडोई ५० आणि चौघांचे २००. मिळेल ती गाडी पकडताना सगळ्याच वातानुकूलित मिळाल्या तर २४४. बेस्टचा पास काढला तर ३००. रेल्वेचे पर्यटक तिकीट काढले तरी ३००, आणि चालणे जसेच्या तसे.

आम्ही या कुटुंबाला पाससाठी पैसे घालण्याचा सल्ला देणार नाही. त्यांनी लांबचे टप्पे लोकलच्या सुट्या तिकिटांनी गाठावेत, आणि महालक्ष्मी स्थानकाहून मंदिरापर्यंत जाता-येता चौघांनी टॅक्सी करावी. अंतर दीड किलोमीटरच्या थोडे पुढे जात असल्याने प्रत्येक वेळी चाळीस-पन्नास रुपये होतील. एकूण खर्च दोनशेच्या आसपास, म्हणजे बसइतकाच. पण बसच्या थांब्यावरचे उभे राहणे टळेल. आजीला प्रभादेवीनंतर थकवा वाटू लागला, तर तिला सिद्धिविनायकाहून मेट्रोने थेट काळबादेवीस न्यावे आणि महालक्ष्मी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावी. बेत देवीसाठी केलेला असतो, देवी बेतासाठी नसते.

मग पास कोणाचा? ज्यांना बसनेच फिरणे भाग आहे, ज्यांच्या बरोबर लहान मूल किंवा जड सामान आहे, जे वाटेत दोन-तीन नातेवाइकांच्या घरी हळदीकुंकवाला वा फराळाला थांबणार आहेत, त्यांचा. कागदावर चार दिसणारे टप्पे प्रत्यक्षात सात-आठ होतात ते अशाच थांबण्यांनी. चढण्या-उतरण्यांची गणती आदल्या रात्री प्रामाणिकपणे करावी. सातच्या आत असेल तर सुटी तिकिटे, आठाच्या वर गेली तर पास.

आता या सगळ्या हिशेबामागचा मूळ प्रश्न. हेच साताऱ्याचे कुटुंब मुंबईत पोहोचले कसे? एसटीने. आजी पंचाहत्तरीच्या पुढची, तेव्हा ऑगस्ट २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे तिचे तिकीट मोफत. सुनेला आणि नातीला १७ मार्च २०२३ पासून महिलांसाठी निम्मे भाडे. मुलाचे तेवढे पूर्ण. चार माणसे दोन तिकिटांच्या पैशांत अडीचशे किलोमीटर आली. आणि दादरला उतरल्यावर दीड-दोन किलोमीटरला आजीचे पूर्ण भाडे सुरू झाले! एसटी राज्याची, बेस्ट महापालिकेची, लोकल केंद्राची आणि मेट्रो केंद्र-राज्याच्या संयुक्त कंपनीची. एकीची सवलत दुसरीला ठाऊक नाही. रेल्वेने तर ज्येष्ठांची लांब पल्ल्याच्या गाड्यांतील सवलत मार्च २०२० मध्ये थांबविली. प्रवासी एक, प्रवास एक, पण थैल्या चार. आणि प्रत्येक थैलीचा धनी आपल्यापुरते किमान भाडे पहिल्या पावलापासून मोजतो. दर वेळी गाडी बदलली की किमान भाडे नव्याने, ही खरी महागाई आहे. ती कोणत्याही एका दरपत्रकात दिसत नाही.

यावर उपाय सुचलेला नाही असे नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ नावाचे ॲप सुरू झाले आणि मेट्रो, मोनोरेल, उपनगरी रेल्वे, बेस्ट व शेजारच्या महापालिकांच्या बसगाड्या मिळून अकरा सेवांची तिकिटे एका ठिकाणी काढण्याची सोय झाली. सोय खरीच आहे. पण एका पडद्यावर चार तिकिटे दिसू लागल्याने त्यांची किंमत एका तिकिटाची होत नाही. बेरीज तीच राहते. लंडन शहरात २००५ पासून ऑयस्टर नावाच्या कार्डावर अशी व्यवस्था आहे, की प्रवाशाने दिवसभरात कितीही वेळा प्रवास केला तरी ठरावीक मर्यादेनंतर कार्डातून पैसे कापले जात नाहीत. तेथे जाणारा पाहुणा पास की तिकीट हा प्रश्नच रात्री मनात आणत नाही. ती आकडेमोड यंत्र करते. मुंबईत बसमध्ये आणि मेट्रोत कार्डे आली, पण मर्यादेची ही कल्पना आली नाही. ती आणण्यासाठी नवे भुयार खणावे लागत नाही. चार धन्यांनी एका बैठकीत बसावे लागते. भुयार खणणे त्या मानाने सोपे असते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी काळजी ॲपविषयीचीच. पास, सवलती आणि तिकिटे हळूहळू मोबाइलकडे सरकत आहेत. तरुणांना ते मानवते. परंतु जिच्यासाठी हा सारा प्रवास, त्या आजीच्या हातात मोबाइल असला तरी त्यावर तिकीट काढणे तिला येईलच असे नाही. रेल्वेच्या खिडक्या, बसचा कंडक्टर आणि त्याच्या हातची तिकिटे ही तिच्या पिढीची आधारस्थाने आहेत. ती कमी होऊ देता कामा नयेत, निदान सणासुदीच्या दिवसांत तरी.

एक गोष्ट थोडी कटू वाटेल, पण सांगावयास हवी. अष्टमी-नवमीला स्थानकांवर रांगा लांबतात आणि ‘देवीलाच तर चाललो आहोत, एवढ्या गर्दीत कोण विचारतो’ असे म्हणून काही मंडळी विनातिकीट गाडीत चढतात. तपासनीस विचारतो. दंड किमान २५० रुपये आणि वर भाडे, म्हणजे पाच रुपयांच्या तिकिटाच्या पन्नासपटीहून अधिक, चौघांचा हजार. नातीच्या देखत तो भरावा लागतो. रांग टाळावयाची असेल तर घरातल्या जाणत्याने निघण्यापूर्वीच मोबाइलवर तिकिटे काढावीत, किंवा स्थानकावरील यंत्रांवर काढावीत. तेथली रांग बहुधा आखूड असते.

बाहेरगावच्या मंडळींनी शक्य असल्यास अष्टमी-नवमी आणि रविवार टाळून मधला एखादा दिवस धरावा. सकाळी सातच्या आत निघाल्यास शीतलादेवी आणि प्रभादेवी निवांत होतात, आणि कचेऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, साडेअकरा-बाराच्या सुमारास, प्रभादेवीहून दक्षिणेकडची धीमी लोकल पकडावी. संध्याकाळी पाचनंतर मरीन लाइन्सहून उत्तरेकडे निघू नये; त्या गाड्यांत आजीला चढविणे धाडसाचे आहे. तोवर मुंबादेवीचे दर्शन आटोपले नसेल तर अंधेरी-बोरिवलीची गर्दी पांगेपर्यंत तेथेच मंदिराच्या आवारात बसावे, किंवा काळबादेवीहून मेट्रोने दादर गाठावे. जास्तीचे पैसे जातील ते त्या एका टप्प्याला गेले तर चालतील.